हळदीकुंकवाच्या फेरीतली नोटीस

निघोज्याच्या शालनबाईंना कुणी तोंडावर विचारलं असतं की बाई, त्या खैरुन्निसाचं तुम्हाला नेमकं काय खुपतं, तर त्या पदर सावरून म्हणाल्या असत्या, "मला? मला काय खुपायचंय? माझ्यात काय कमी हाय?" आणि कमी खरंच काही नव्हतं. नवऱ्याच्या, म्हणजे आबाजींच्या, नावावर कंपन्यांनी घेऊन उरलेली जमीन होती. त्या जमिनीवर भाड्याच्या खोल्यांच्या लांबलचक रांगा होत्या. दारात गाडी होती. आणि या सगळ्याहून शालनबाईंना प्यारी अशी एक गोष्ट होती, ती म्हणजे 'घरचा घास' महिला संस्थेची अध्यक्षाची खुर्ची.

खुर्ची तशी प्लॅस्टिकचीच. पण संस्था साधीसुधी नव्हती. चाकणच्या कंपन्यांत राबायला आलेली सडी पोरं निघोज्यात, महाळुंग्यात खोल्या करून राहतात. त्यांना दोन वेळचं जेवण लागतं. ते गावातल्या बायका आपापल्या घरी करतात, संस्थेचा टेम्पो दारोदार फिरून डबे गोळा करतो आणि शिफ्ट सुरू व्हायच्या आत कंपनीच्या गेटवर पोचवतो. हे सगळं उभं केलं शालनबाईंनी, आणि ते त्यांचं त्यांना दिलंच पाहिजे. त्यांच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या दुर्गाबाईचा नवरा तळेगाव रस्त्यावर ट्रकखाली गेला. बीडकडची बाई, इथं ना माहेर ना सासर, पदरात दोन लेकरं. शालनबाईंनी तिला रडत बसू दिलं नाही. शेजारच्या खोलीतल्या चार पोरांचे डबे तिच्या अंगावर टाकले आणि म्हणाल्या, "लाट पोळ्या." दुर्गाबाईमागून तिच्यासारख्याच आणखी काहीजणी आल्या. मग गावातल्या नवरेवाल्या बायकांनाही वाटलं, आपणही करावं. संस्था झाली, नोंदणी झाली, राजगुरुनगरहून शिक्क्याचा कागद आला. अध्यक्ष शालनबाई. दहा वर्षं झाली, दुसरं नाव कधी कुणी घेतलं नाही.

आणि मग आली खैरुन्निसा.

नवरा रियाज उदगीरचा, दुचाकीचा मेकॅनिक. त्यानं रस्त्याला लागून गॅरेज टाकलं आणि बायकोनं मागच्या खोलीत डबे सुरू केले. पहिलं वर्ष बाईनं मान वर करून पाहिलं नाही. दुसऱ्या वर्षी पोरं म्हणायला लागली, आम्हाला गॅरेजवाल्या मावशीचाच डबा पाहिजे. बिहारची पोरं म्हणायची, लातूरची म्हणायची, ते ठीक होतं. एक दिवस आबाजी जेवता जेवता म्हणाले, "त्या खैरुन्निसाबाईचा दालचा म्हनं लई झ्याक असतो. एकदा वाटीभर मागव की." शालनबाईंनी पुढ्यातली आमटीची वाटी उचलून आत नेऊन ठेवली. आबाजींनी त्या दिवशी भात ताकाशी खाल्ला.

पुढं गेटचं प्रकरण झालं. एका मोठ्या कंपनीत नवा सिक्युरिटी ऑफिसर आला आणि त्यानं टेम्पो गेटपासून लांब उभा करायला लावला. जेवायच्या सुट्टीत पोरांना रस्ता ओलांडून जावं लागे, अर्ध्यांचं जेवण राहून जाई. शालनबाई काठपदराचं पातळ नेसून, गाडीत बसून त्या साहेबाला भेटायला गेल्या. अध्यक्ष म्हणून लेटरहेडवर अर्जही नेला. साहेबानं त्यांना केबिनबाहेरच्या बाकावर अख्खी दुपार बसवलं आणि शेवटी सांगितलं, उद्या या. त्या तीन वेळा गेल्या. चौथ्या वेळी त्यांना न सांगता खैरुन्निसा टेम्पोतच बसून गेली. तिनं साहेबापुढं डबा उघडला आणि हिंदीत म्हणाली, "साहब, पहले खा लीजिए, बात बाद में करेंगे." दुसऱ्या दिवसापासून टेम्पो गेटच्या आत. बायकांनी मासिक सभेत टाळ्या वाजवल्या. शालनबाईंनीही वाजवल्या, पण हात असे लावले की आवाज होऊ नये.

माणसाला दुसऱ्याची माडी खुपत नाही तेवढी दुसऱ्याची वाहवा खुपते. शालनबाईंच्या पोटात त्या दिवशी जे दुखायला लागलं ते ओव्यानं राहणारं नव्हतं. कुणाचा गॅस संपला, जा खैरुन्निसाकडं. कुणाच्या पोराला कंपनीत चिकटवायचंय, विचार खैरुन्निसाला, रियाजभाईच्या गॅरेजात सुपरवायझर लोक येतात. पूर्वी या सगळ्या वाटा शालनबाईंच्या ओट्यावर येऊन थांबायच्या. आता घरातला चहापत्तीचा डबा तसाच भरलेला राहायचा.

तेही एक वेळ त्यांनी गिळलं असतं. पण दुपारच्या वेळी, डबे गेल्यावर, दुर्गाबाई गॅरेजच्या मागच्या खोलीत जाऊन बसायला लागली. दुर्गाबाई, जिला त्यांनी उभं केलं. तिच्या पोराच्या शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून सही शालनबाईंची होती. ती दुर्गाबाई आता तिथं बसून हसते, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी रस्त्यावरून जाताना ऐकलं. इतक्या वर्षांत दुर्गाबाई त्यांच्यापुढं कधी अशी मोकळी हसली नव्हती. शालनबाई घरी आल्या आणि घासलेली भांडी विनाकारण पुन्हा घासून काढली.

औंदा अध्यक्षपदाची मुदत संपत होती. नवा अध्यक्ष निवडायचा होता. गिरणीत दळण टाकून उभ्या राहिलेल्या दोघीजणी बोलताना शालनबाईंनी ऐकलं, "अर्ज भरला तर खैरुन्निसाबाई सहज निवडून येत्याल." दुसरी म्हणाली, "मग शालनवयनी?" पहिली म्हणाली, "त्यांनी पुष्कळ क्येलं की. आता आराम करावा." आराम हा शब्द शालनबाईंच्या इतका वर्मी लागला की त्यांनी दळण तिथंच टाकलं आणि रिकाम्या हातानं घरी आल्या.

संस्थेचं लिहिणं-पुसणं करायला स्वरूपा नावाची मुलगी होती, बी.कॉम. झालेली, पगारी सचिव. गौरी-गणपतीच्या तोंडावर ती वार्षिक सभेची नोटीस घेऊन आली. सभा कधी, अध्यक्षपदाचे अर्ज कोणत्या तारखेपर्यंत, सगळं एका कागदावर.

"काकू, नेहमीसारखी ग्रुपवर टाकते," स्वरूपा म्हणाली.

"न्हाई," शालनबाई म्हणाल्या. "औंदा निवडणूक हाय. पोटनियमात काय लिवलंय?"

"सभेच्या चौदा दिवस आधी प्रत्येक सभासदाच्या हातात द्यायची. पण आपण कधी..."

"कधी न्हाई क्येलं म्हून आताबी करायचं न्हाई का? नियम तो नियम. हातातच द्यायची."

स्वरूपाला आनंद झाला. काकूंना नियमाचं इतकं अगत्य तिनं प्रथमच पाहिलं. बिचारीनं घरी बसून सगळे कागद पाकिटात घातले आणि आणून दिले. आता प्रश्न वाटायचं कुणी हा होता. आणि त्याच वेळी छबूबाई ओट्यावर चढल्या.

छबूबाई म्हणजे गावाची चालतीबोलती निमंत्रणपत्रिका. गौरीचं हळदीकुंकू असो, डोहाळजेवण असो, बारसं असो, आवताण द्यायचं ते छबूबाईंनीच. डाव्या हातात करंडा, उजव्या हातानं दारातल्या बाईला कुंकू लावायचं आणि म्हणायचं, "अमकीकडं या बरं का." वय झालं होतं, पण पायांत अजून अख्खं गाव होतं. त्या शालनबाईंच्या गौरीचं आवताण द्यायला निघाल्या होत्या आणि कुणाकुणाला सांगायचं ते विचारायला आल्या होत्या.

शालनबाईंनी करंड्याकडं पाहिलं, पाकिटांच्या गठ्ठ्याकडं पाहिलं, आणि त्यांच्या डोक्यात जे आलं ते त्यांनी स्वतःशीसुद्धा पूर्ण शब्दांत म्हटलं नाही. हळदीकुंकवाचं आवताण गॅरेजमागच्या खोलीत कधी जात नव्हतं. त्यात कुणाचा कुणावर राग नव्हता, रीत होती. आता छबूबाईंनी त्याच फेरीत नोटीस वाटली आणि एक दार राहून गेलं, तर दोष कुणाचा? कुणाचाच नाही. साप मरावा आणि काठीही मोडू नये, असं ते काम होतं.

"छबूआत्या," त्या म्हणाल्या, "आवताण देत हिंडतीच हायस, तर संस्थेतल्या बायकांना ही पाकिटं दिऊन टाक. तुला समद्या ठावक्या हायेत."

"दिती की," छबूबाई म्हणाल्या. "येका येळंला दोन कामं."

स्वरूपा जरा घुटमळली. "काकू, सगळ्यांना पोचेल ना? पोच म्हणून सही घ्यायची असते."

"करंडा धरंल का सही घील? गावातलं येक दार छबूआत्याच्या पायाखालनं सुटत न्हाई. जा तू, पुरणाची डाळ शिजायला घालायची असंल आईला तुझ्या."

छबूबाई गेल्या. शालनबाई दारात उभ्या राहून त्यांची पाठ दिसेनाशी होईतो पाहत राहिल्या, आणि कित्येक दिवसांनी त्यांना पोटभर भूक लागली.

गौरीच्या दिवशी दुर्गाबाई दरवर्षीसारखी सकाळीच आली. शालनबाईंच्या घरचं पुरण तिच्याच हातानं वाटलं जायचं, पोळ्या तिच्याच हातच्या. ती नोटिशीबद्दल काही बोलली नाही. शालनबाईंनी ते आपल्या बाजूचं धरलं. गप्प आहे म्हणजे आपल्याबरोबर आहे. संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला यायला लागायच्या आधी दुर्गाबाई हात धुऊन मागच्या दारानं निघून गेली. तीही दरवर्षीचीच गोष्ट होती. इतक्या वर्षांत ती मागच्याच दारानं का जाते, हे शालनबाईंच्या मनात आलं नव्हतं. कपाळावर ठसठशीत कुंकू असलेल्या बाईला ज्या गोष्टी दिसत नाहीत, त्यातली ती एक होती.

गौरी गेल्या आणि अर्जाची मुदतही संपली. अर्ज आला एकच, शालनबाईंचा. त्यांनी आबाजींना सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज इतका गोड होता की आबाजींनी मोबाइलमधून डोकं वर काढलं.

"आन् ती खैरुन्निसाबाई?"

"तिला कुठलं जमायला? नुसता दालचा करून अध्यक्ष व्हता येत न्हाई."

सभेच्या आदल्या दिवशी स्वरूपानं आपलं कर्तव्य म्हणून ग्रुपवर टाकलं, की उद्या वार्षिक सभा, समाजमंदिरात, सर्वांनी यावे. शालनबाईंनी ते वाचलं आणि हसल्या. आता टाक बाई, ढोल वाजव. मुदत गेली ती गेली. वरातीमागून घोडं आलं तर येऊ दे.

दुसऱ्या दिवशी त्या लवकर पोचल्या. खुर्च्या मांडलेल्या होत्या, पोहे झाकून ठेवले होते. बायका येत होत्या, पण अर्ध्याअधिक खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. शालनबाईंनी उगाच माइकची वायर सरळ केली. तेवढ्यात दारातून खैरुन्निसा आली.

शालनबाईंनी तिच्यासाठी उत्तर तयार ठेवलं होतं. नोटीस फिरली होती, तुमच्या दारात त्या वेळी कुणी नसेल, छबूआत्या म्हातारी आहे, चूक होते. त्यांनी ते मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की आता खरंच वाटत होतं. पण खैरुन्निसा एकटी नव्हती. तिच्यामागून दुर्गाबाई आली. दुर्गाबाईमागून कोंडाजीची विधवा सून आली, मग सोलापूरकडची एक जाड भिंगाच्या चष्म्याची बाई, मग आणखी. खैरुन्निसामागं अशा अकराजणी होत्या. त्या बसल्या नाहीत. मागच्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

"बसा की," शालनबाई म्हणाल्या. "खुर्च्या हायेत."

"बसतो," खैरुन्निसा म्हणाली. "आधी एक विचारायचं होतं, आक्का. या बायकांना नोटीस कामून मिळाली नाही?"

शालनबाईंचं तयार उत्तर वाया गेलं, कारण ते या प्रश्नाचं नव्हतं. "या बायकांना म्हंजे? तुला न्हाई मिळाली म्हन."

"मला तर नाहीच मिळाली. ते जाऊ द्या. यांना कामून नाही?"

सभेत चुळबुळ झाली. पुढच्या रांगेतल्या बायका वळून पाहायला लागल्या. स्वरूपा उभी राहिली, तिचा चेहरा पडला होता. "असं कसं? मी सगळ्यांची पाकिटं मोजून दिली होती. छबूआत्या, तुम्ही सगळ्यांना दिली ना?"

छबूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना यात लाजण्यासारखं काहीच दिसत नव्हतं. "दिली की. ज्यांच्याकडं आवताण, त्यांना दिली. उरल्याली घरी कोनाड्यात हायेत."

"आणि दुर्गामावशीकडे?"

"आगं बया," छबूबाई म्हणाल्या, "गौरीचा करंडा हातात आसताना मी दुर्गाच्या दारात कशी जाईन? तिलाच कसं तरी वाटंल. ह्या समद्या तसल्याच. शालननं सांगितलं आवताणाच्या फेरीत दे, म्हून फेरीतच दिली."

तसल्याच. म्हातारीनं तो शब्द काही दुष्टपणानं वापरला नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. शालनबाईंनी भिंतीशी उभ्या असलेल्या अकराजणींकडं पाहिलं. ज्यांच्यासाठी संस्था काढली असं त्या प्रत्येक भाषणात सांगायच्या, त्या अकराच्या अकरा तिथं उभ्या होत्या, मोकळ्या कपाळाच्या. आणि या दहा वर्षांत त्यांतली एकही आपल्या घरी गौरीला पुढच्या दारानं आलेली नाही, हे त्यांना या क्षणी, सगळ्यांसमोर, समजलं.

"दुर्गे," त्या कशाबशा म्हणाल्या, "आगं, तुला वगळायचं माझ्या सपनातबी न्हवतं. देवाशपथ सांगते. तुमाला कुणालाच वगळायचं न्हवतं मला."

दुर्गाबाईनं सावकाश विचारलं, "मग कुणाला वगळायचं व्हतं, वयनी?"

बोलून चालून साधा प्रश्न. पण खरं बोलावं तर अध्यक्षीणबाईंनी एका सभासदाचं नाव जाणूनबुजून कापलं असं होत होतं. खोटं बोलावं तर अकराजणींना मुद्दाम वगळलं असं होत होतं. शालनबाईंची नजर नकळत खैरुन्निसाकडं गेली. एकेक करून सगळ्या बायकांच्या मानाही तिकडंच वळल्या. सगळ्यांना उत्तर मिळालं होतं. खैरुन्निसा मात्र खाली फरशीकडं पाहत होती, आणि तिचा चेहरा विजयाचा नव्हता, दुखावलेल्या माणसाचा होता. शालनबाईंना त्याचाही राग आला. निदान आता तरी तिनं फुशारावं, म्हणजे आपल्याला तिचा नीट द्वेष करता येईल.

स्वरूपानं पोटनियमांचं पुस्तक उघडलं आणि घाबरत घाबरत सांगितलं, की सगळ्या सभासदांना नोटीस मिळाली नसेल तर ही सभा धरता येत नाही. कुणी राजगुरुनगरला तक्रार केली तर संस्थेवर गदा येईल. पुन्हा नोटीस काढावी लागेल, पुन्हा अर्ज मागवावे लागतील.

"काढा," शालनबाई म्हणाल्या आणि उठून घरी गेल्या. पोह्यांवरचं झाकण कुणी काढलं नाही.

आबाजी ओट्यावरच होते. त्यांच्या कानावर आधीच आलं होतं, गावात मोबाइलच्याही आधी बातमी पोचते. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. शालनबाई भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "जळले मी तिच्यावर. खरंच जळले. तिच्या दारात नोटीस जाऊ न्हाई म्हून क्येलं, आन् दुर्गाच हातची ग्येली."

"मग सांग की तिला तसं."

"काय सांगू? तुला न्हवतं मारायचं, शेजारनीला मारायचं हुतं?"

तांब्यातलं पाणी त्यांनीच पिऊन टाकलं.

नवी नोटीस स्वरूपानं या वेळी टेम्पोवाल्याकडं दिली. रोज रिकामे डबे परत येतात, त्या प्रत्येक डब्याबरोबर एकेक कागद दारात पोचला. करंडा नाही, फेरी नाही, कुणाचं कपाळ पाहायचं नाही. एका सकाळीत काम झालं. ही अक्कल आधी कुणाला सुचली नाही, कारण आधी कुणाला ती हवी नव्हती.

शालनबाईंनी पुन्हा अर्ज भरला. हो, भरला. लाज वाटत होती, पण खुर्ची सोडवत नव्हती. त्यांच्या जावेनं सूचक म्हणून सही केली, ती पाहुण्यांच्या लग्नाला आहेर करावा तशी. अनुमोदक म्हणून सही करायला आलेली बाई सही झाल्यावर चहाला थांबली नाही. शालनबाई मनाशी म्हणत होत्या, ती खैरुन्निसा आता उभी राहणार. राहू दे. पडले तर पडले, पण तिला बिनविरोध नाही होऊ देणार. तिच्याविरुद्ध एक तरी मत पडल्याशिवाय ती त्या खुर्चीत बसणार नाही.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी त्या संस्थेच्या खोलीत स्वरूपाशेजारी ठाण मांडून बसल्या. अध्यक्षानं असं बसू नये, असं स्वरूपाला म्हणायचं होतं, पण तिची जीभ रेटली नाही. दुपारचे डबे गेल्यावर दारात खैरुन्निसा आली. मागं दुर्गाबाई होती. शालनबाईंच्या अंगाचा सवयीनं तिळपापड झाला. आली. आणि माझ्याच दुर्गाला हाताशी धरून आली.

स्वरूपानं कोरा अर्ज पुढं सरकवला. "बसा, खैरुन्निसामावशी. नाव कोणाचं लिहू?"

"माझं कामून लिहिता? मला कुठं वेळ आहे? माझे हात पिठातच बरे," खैरुन्निसा म्हणाली. "दुर्गाबाईचं लिहा."

शालनबाईंना क्षणभर कळलंच नाही. ज्या बाईवरून त्यांची भूक गेली होती, जिच्यापायी त्यांनी संस्था, मैत्रीण आणि गावातली पत घालवली, तिला ती खुर्ची नकोच होती. इतके दिवस त्या एका रिकाम्या जागेशी भांडत होत्या. याचं हसू यावं की रडू, ते ठरवायला त्यांना वेळ मिळाला नाही, कारण स्वरूपा लिहायला लागली होती. दुर्गाबाई तिच्यासमोर ताठ बसली होती. हाताला पीठ तसंच होतं.

"सूचक?" स्वरूपानं विचारलं.

खैरुन्निसानं पेन घेतलं आणि वरच्या ओळीत सावकाश, गोल गोल अक्षरांत आपलं नाव लिहिलं.

ते पाहून शालनबाईंच्या पोटात उठलेली कळ जुनीच होती, पण या वेळी ती खुर्चीची नव्हती. दुर्गाचं नाव पुढं करायचा मान हिनं घ्यावा? हिनं? ट्रकखालून नवरा काढला तेव्हा दुर्गाच्या उशाशी कोण बसलं होतं? पहिली पोळी कुणी लाटायला लावली?

"स्वरूपा," त्या म्हणाल्या, "माझा अर्ज काढून दे."

"काकू?"

"मागं घेतला म्हून लिव. आन् ते पेन हिकडं आन." त्यांनी अर्ज स्वतःकडं ओढला आणि दुर्गाबाईकडं पाहून म्हणाल्या, "वरची वळ मला ठिवायची हुतीस, दुर्गे. तुला मी उभी क्येलीया."

दुर्गाबाईनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, पण जुना मिंधेपणाही नव्हता.

"उभी तुम्हीच केली, वयनी. ते मी मरेपर्यंत म्हणंन. पण उभी राहतीस का, असं हिनं विचारलं. तुम्ही कधीच नाही."

खैरुन्निसानं खुर्ची जराशी बाजूला सरकवून शालनबाईंना टेबलापाशी जागा करून दिली. शालनबाईंनी तिच्याकडं पाहिलं नाही. त्यांनी पेन घट्ट धरलं आणि अनुमोदकाच्या ओळीत, खैरुन्निसाच्या नावाच्या बरोब्बर खाली, आपलं नाव लिहिलं. फक्त ते वरच्या नावापेक्षा चांगलं बोटभर मोठं काढलं.